एक अर्ज, सोळा अर्ज



परवा न्यू जर्सीहून भाचीचा फोन आला. तिच्या लेकीने सोळा कॉलेजांत अर्ज केलेत! "मावशी, इथे सगळेच करतात गं." मी १९६७ साली मॅट्रिक झाले तेव्हा एकच अर्ज केला होता, तालुक्याच्या कॉलेजात, तोही चालत जाऊन.

हे सोळाचं काय गौडबंगाल, म्हणून जरा शोधलं. १९७५ साली अमेरिकेतल्या १५ खाजगी कॉलेजांनी मिळून एकच अर्ज काढला, 'कॉमन ॲप्लिकेशन'. (त्याच वर्षी आपल्याकडे नव्या पद्धतीची पहिली दहावी झाली. काय धांदल होती आम्हा शिक्षकांची!) तो एकदा भरायचा आणि प्रती काढून टपालाने धाडायच्या. १९९८ मध्ये तो इंटरनेटवर आला, टपालही गेलं. आता त्यात हजाराहून जास्त कॉलेजं आहेत आणि एका मुलाला वीसपर्यंत निवडता येतात. २०२० च्या कोरोनात पुष्कळ कॉलेजांनी 'सॅट' परीक्षेची सक्ती काढली. मग काय, "लागलं तर लागलं" म्हणत नामवंत कॉलेजांकडे रीघ! जागा तेवढ्याच, म्हणून नकार जास्त. नकार बघून पुढच्या वर्षीची मुलं आणखी दोन अर्ज वाढवतात.

आपल्याकडे अकरावीचा ऑनलाइन अर्ज मुंबईत २००९ मध्ये आला, २०२५ मध्ये राज्यभर. पण इथे दहा पसंतीक्रम दिले तरी फेरीत कॉलेज एकच मिळतं. तिकडे प्रत्येक कॉलेज आपापलं ठरवतं. एकीच्या हातात पाच होकार, दुसरी प्रतीक्षायादीत ताटकळत.

फोनवर मी हसणार होते. पण १९८२ ची माझी एक विद्यार्थिनी आठवली. दहावीला छान गुण होते. वडील म्हणाले, एसटीचं भाडं आणि फॉर्मचे पैसे एकाच कॉलेजापुरते आहेत. तिथे नाव लागलं नाही, आणि दुसरीकडे चौकशी करेपर्यंत मुदत टळली होती. पुढच्या उन्हाळ्यात लग्न झालं. दुसरा फॉर्म मला आणून देता आला असता. सुचलंच नाही तेव्हा.

असो. भाचीला म्हटलं, सोळा नावं वाच बघू. तिने सगळी वाचली, मी लिहून घेतली. स्पेलिंगं मात्र चुकली असणार.