पाणसळ सांगते एक, दार सांगतं दुसरंच

घर बांधताना गवंड्याकडे गुण्या, ओळंबा, पाणसळ असते ना? याच अवजारांना खुणा मानणारी एक मंडळी आहे, फ्रीमेसन. त्यांच्या शाखेला लॉज म्हणतात. तिथे गुण्या म्हणजे सचोटी, ओळंबा म्हणजे सरळ वागणं आणि पाणसळ म्हणजे सगळे सारखे.

पण मुंबईच्या इंग्रजांच्या लॉजने माणेकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थांना आत घेतलं नाही. पुढे १८४३ मध्ये डॉ. जेम्स बर्न्स या स्कॉटिश गृहस्थांनी हिंदी लोकांसाठी ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज काढलं. माणेकजी तिथे सभासद झाले. अशा लॉजमध्ये शपथ ज्याच्या त्याच्या धर्मग्रंथावर घेतली जाई.

बायकांना मात्र दार बंदच राहिलं. त्याच माणेकजींनी १८६३ मध्ये मुंबईत मुलींसाठी अलेक्झांड्रा शाळा काढली, हे विशेष.

आपण बचत गटात गोल करून बसतो. तीही बरोबरीची खूणच. पण त्या गोलात आपल्या गावातली कोण अजून आली नाही? एकटी राहणारी, भूमिहीन, पलीकडच्या वस्तीतली? पुढच्या बैठकीत हजेरी घेताना तिचंही नाव काढू या.