कायरोप्रॅक्टिक : मणक्यांवरचा सव्वाशे वर्षांचा वाद

पाठ, कंबर किंवा मान धरली की हाताने मणके ‘बसवून’ देणारे उपचारक जगाच्या पाठीवर सर्वत्र आढळतात. आपल्याकडे हे काम गावोगावचे हाडवैद्य करीत आले आहेत. अमेरिकेत मात्र या कौशल्याचे रूपांतर स्वतंत्र महाविद्यालये, पदवी, परवाना आणि विमा-संरक्षण असलेल्या व्यवसायात झाले. तोच व्यवसाय म्हणजे कायरोप्रॅक्टिक. हे खरे वैद्यकशास्त्र आहे काय, हा त्याच्या जन्मापासून विचारला जाणारा प्रश्न आजही पूर्णपणे मिटलेला नाही.

जन्मकथा

कायरोप्रॅक्टिकचा जनक डॅनियल डेव्हिड पामर हा १८४५ साली कॅनडात जन्मला. अमेरिकेतील आयोवा राज्यात डेव्हनपोर्ट या गावी तो चुंबकीय उपचार करीत असे. त्याने कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेतलेली नव्हती. १८९५च्या सप्टेंबरमध्ये त्याने हार्वे लिलार्ड या कर्णबधिर सफाई कामगाराच्या पाठीतील सरकलेला मणका जागेवर बसविला आणि त्याला ऐकू येऊ लागले, असे पामरने लिहून ठेवले. श्रवणाची मज्जा मेंदूतून थेट कानाकडे जाते, ती पाठीच्या कण्यातून जात नाही, हा आक्षेप टीकाकार या कथेवर पहिल्यापासून घेत आले आहेत. परंतु पामरचा विश्वास अढळ होता. ‘हात’ आणि ‘कृती’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून आपल्या पद्धतीला नाव देऊन त्याने १८९७ साली डेव्हनपोर्ट येथेच तिचे विद्यालय काढले.

पामरचा सिद्धांत सोपा होता. शरीरात एक उपजत चैतन्यशक्ती असते. ती मज्जातंतूंमधून वाहते. मणके किंचित सरकले की तिच्या प्रवाहात अडथळा येतो आणि रोग उद्भवतो. या अडथळ्यास त्याने ‘सब्लक्सेशन’ म्हटले. शंभरातील पंचाण्णव रोग सरकलेल्या मणक्यांमुळे होतात, असा त्याचा दावा होता. नेहमीच्या वैद्यकातही सब्लक्सेशन हा शब्द आहे. तेथे त्याचा अर्थ सांध्याचे अर्धवट निखळणे असा असून ते क्ष-किरण चित्रात दिसते. पामरचे सब्लक्सेशन दाखवून देता येत नाही, आणि वादाचे मूळ तेथेच आहे.

तुरुंग ते परवाना

विनापरवाना वैद्यकी केल्याबद्दल १९०६ साली पामरला तुरुंगात जावे लागले. पुढील काळात असंख्य कायरोप्रॅक्टरांवर असे खटले झाले. दंड भरण्याऐवजी तुरुंगवास पत्करणाऱ्यांना अनुयायांमध्ये हुतात्म्याचा मान मिळत असे. पामरचा मुलगा बार्टलेट जोशुआ याने विद्यालय ताब्यात घेऊन व्यवसायाचा मोठा विस्तार केला. १९१३ मध्ये कॅन्ससने पहिला परवाना कायदा केला, आणि १९७४ मध्ये लुईझियानाने तो केल्यानंतर अमेरिकेतील एकही राज्य त्यास अपवाद उरले नाही.

याच काळात व्यवसायात दोन तट पडले. एक गट पामरच्या मूळ सिद्धांताशी एकनिष्ठ राहिला. दुसऱ्या गटाने व्यायाम, शेक, मसाज यांची जोड देऊन पाठ व सांध्यांच्या दुखण्यापुरते लक्ष केंद्रित केले. ही दुफळी आजही टिकून असल्याने ‘कायरोप्रॅक्टर’ या एकाच पाटीमागे अगदी भिन्न विचारांचे उपचारक बसलेले असू शकतात.

न्यायालयात वैद्यक

अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६३ साली भोंदू वैद्यकाविरुद्ध एक समिती नेमली. कायरोप्रॅक्टिकला आवर घालणे हा तिचा मुख्य उद्देश होता. १९६६ मध्ये असोसिएशनने कायरोप्रॅक्टिक हा अशास्त्रीय पंथ असल्याचे जाहीर केले. कायरोप्रॅक्टरांकडे रुग्ण पाठविणे किंवा त्यांच्यासोबत काम करणे हे डॉक्टरांसाठी नीतिबाह्य ठरविण्यात आले.

याविरुद्ध चेस्टर विल्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली शिकागो येथे मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा दाखल केला. पहिल्या फेरीत ज्युरीने असोसिएशनच्या बाजूने कौल दिला. अपील न्यायालयाने फेरसुनावणीचा आदेश दिला. १९८७ मध्ये न्यायाधीश सुझन गेटझेंडॅनर यांनी असोसिएशनने बेकायदा बहिष्कार टाकल्याचा निर्णय दिला आणि १९९० मध्ये तो अपिलात कायम झाला.

कायरोप्रॅक्टर मंडळी या निकालाचा उल्लेख अभिमानाने करतात. मात्र निकाल व्यापारी स्पर्धेविषयी होता. कायरोप्रॅक्टिक शास्त्रीय आहे की नाही, याचा निवाडा न्यायालयाने केला नाही. त्यापूर्वीच, १९७२ साली, वृद्धांसाठीच्या मेडिकेअर या सरकारी विमा योजनेत कायरोप्रॅक्टिकचा समावेश झाला होता. तेथेही विरोधाभास असा, की मेडिकेअर पैसे देते ते सब्लक्सेशन दुरुस्त करण्यासाठी मणक्यांवर केलेल्या हस्तोपचाराचे. ज्या कल्पनेवर सर्वाधिक आक्षेप, तिलाच कायद्यात स्थान मिळाले.

लंडनचा खटला

ब्रिटनमध्ये १९९४च्या कायद्याने कायरोप्रॅक्टरांची नोंदणी करणारी परिषद स्थापन झाली. एप्रिल २००८ मध्ये विज्ञानलेखक सायमन सिंग यांनी ‘द गार्डियन’ या दैनिकात लिहिलेल्या लेखात लहान मुलांचा पोटशूळ, कानाचा संसर्ग व दमा यांवर कायरोप्रॅक्टिक उपयोगी असल्याच्या दाव्यांवर कडक टीका केली. ब्रिटिश कायरोप्रॅक्टिक असोसिएशनने सिंग यांच्यावर व्यक्तिशः अब्रुनुकसानीचा दावा लावला. प्राथमिक निर्णय सिंग यांच्या विरोधात गेला. एप्रिल २०१० मध्ये अपील न्यायालयाने मात्र त्यांची बाजू उचलून धरली आणि शास्त्रीय वादांचे स्थान न्यायालयात नाही, अशी भूमिका घेतली. त्यानंतर संघटनेने दावा मागे घेतला.

खटल्याचे परिणाम दूरगामी ठरले. संतप्त वाचकांनी कायरोप्रॅक्टरांच्या जाहिरातींमधील दाव्यांविरुद्ध परिषदेकडे शेकडो तक्रारी नोंदविल्या. सब्लक्सेशन हे रोगाचे कारण असल्याच्या दाव्यास संशोधनाचा आधार नाही, असे खुद्द नियामक परिषदेनेच २०१० साली स्पष्ट केले. अब्रुनुकसानीचा कायदा सुधारण्याच्या चळवळीसही या खटल्याने बळ मिळाले आणि २०१३ साली नवा कायदा झाला.

पुरावा काय सांगतो?

सिद्धांत चुकीचा असला म्हणून उपचार निरुपयोगीच असेल, असे नव्हे. कंबरदुखीच्या बाबतीत मणक्यांवरील हस्तोपचारांचा बराच अभ्यास झाला आहे. २०१९ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात ४७ चाचण्या व नऊ हजारांहून अधिक रुग्णांचा विचार करण्यात आला. दीर्घकालीन कंबरदुखीत या उपचाराचा परिणाम अन्य शिफारसप्राप्त उपचारांइतकाच असतो, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणजे उपचार व्यायामाहून सरस नाही, पण टाकाऊही नाही.

अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७च्या मार्गदर्शक सूचनांत कंबरदुखीवर औषधांआधी शेक, मसाज यांच्या जोडीने हस्तोपचाराचाही पर्याय दिला. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१६ मध्ये व्यायामासोबतच हस्तोपचार करावा, अशी अट घातली. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. हे हस्तोपचार फिजिओथेरपिस्ट व ऑस्टिओपॅथही करतात. ही कायरोप्रॅक्टिकची मक्तेदारी नाही. दमा, पोटशूळ, उच्च रक्तदाब अशा विकारांवर तो उपयुक्त असल्याचा भरवशाचा पुरावा मात्र आढळत नाही.

उपचाराच्या वेळी येणारा ‘कट्’ असा आवाज हाड जागेवर बसल्याचा असतो, ही समजूतही खरी नाही. सांध्यातील द्रवावरचा दाब एकाएकी घटून वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज असल्याचे कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली एमआरआय चित्रणाद्वारे दाखविले.

मानेचा प्रश्न

सर्वांत गंभीर वाद मानेला दिल्या जाणाऱ्या झटक्याविषयी आहे. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचे अस्तर फाटल्यास गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. असे प्रसंग विरळ असले तरी तरुण रुग्णांतही नोंदले गेले आहेत. त्याचे खापर झटक्यावर फोडावे काय, हे ठरविणे अवघड आहे. २००८ साली कॅनडातील ओंटारिओ प्रांतातील ८१८ पक्षाघातांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कायरोप्रॅक्टरकडे गेलेल्यांइतकाच संबंध नेहमीच्या डॉक्टरकडे गेलेल्यांतही आढळला. रक्तवाहिनी आधीच फाटू लागल्याने मान दुखते आणि म्हणून रुग्ण उपचारकाकडे जातो, असा अर्थ संशोधकांनी लावला. परंतु अशा वेळी मानेला झटका देणे घातक ठरू शकते, ही भीती त्यामुळे दूर होत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ साली कार्यकारणभाव सिद्ध झाला नसल्याचे मान्य करूनही, उपचारापूर्वी रुग्णाला या संबंधाची कल्पना द्यावी, असे म्हटले.

तान्ह्या मुलांवरील उपचारही असाच वादग्रस्त आहे. ऑस्ट्रेलियात दोन आठवड्यांच्या बाळावरील उपचाराची चित्रफीत पाहून लोक हादरले आणि २०१९ साली तेथील मंडळाने दोन वर्षांखालील मुलांच्या मणक्यांवरील हस्तोपचार थांबविण्यास सांगितले.

भारतातील स्थिती

भारतात कायरोप्रॅक्टिकसाठी स्वतंत्र नियामक परिषद नाही आणि आयुष मंत्रालयाच्या कक्षेतील पद्धतींतही त्याचा समावेश नाही. मुंबई, पुण्यासारख्या शहरांत मात्र या नावाने उपचार मिळतात, आणि सांधे कडाडविणाऱ्या चित्रफितींनी त्याचे आकर्षण वाढविले आहे. अमेरिकेतील वा ब्रिटनमधील उपचारकाविरुद्ध रुग्णाला नोंदणी मंडळाकडे दाद मागता येते. येथे कायरोप्रॅक्टर म्हणून अशी नोंदणीच नसल्याने समोरच्या व्यक्तीचे शिक्षण काय, हे विचारण्याची जबाबदारी रुग्णावरच येते.

म्हणून जाणकारांची सूचना साधी आहे. पाय बधिर होणे, लघवी-शौचावरील ताबा जाणे, ताप, वजन घटणे किंवा अपघातानंतरचे दुखणे असल्यास प्रथम डॉक्टरांकडेच जावे. मानेत एकाएकी तीव्र कळ येऊन चक्कर, दुहेरी दिसणे, बोलण्यात अडखळणे अशी लक्षणे असल्यास मानेला कोणासही हात लावू देऊ नये व तातडीने रुग्णालय गाठावे. साध्या कंबरदुखीसाठी हस्तोपचार घ्यायचाच असेल तर पात्र फिजिओथेरपिस्टकडे व्यायामाच्या जोडीने घ्यावा. कंबर मोकळी करून देतो म्हणणाऱ्याचे ऐकण्यास हरकत नाही. मणके बसवून दमा, मधुमेह बरा करतो म्हणणाऱ्यापासून मात्र दूर राहणेच श्रेयस्कर.