नंदू नाटेकर : टेनिस सोडून फुलाकडे

कुस्ती नि हुतूतूविषयी नगरकडच्या माणसाला काही सांगायला नको. आज बोलायचे आहे ते जाळीवरून पिसांचे फूल टोलवण्याच्या खेळाविषयी, बॅडमिंटनविषयी. साहेबी खेळ म्हणून नाक मुरडू नका. त्याचे सुरुवातीचे नियम 1870 च्या दशकात शेजारच्या पुण्याच्या लष्करी छावणीत बांधले गेले, आणि इंग्रज त्याला ‘पूना’ म्हणूनच ओळखत.

या खेळातला आपला पहिला मोठा माणूस म्हणजे नंदू नाटेकर. जन्म सांगलीचा, 12 मे 1933 चा. गंमत अशी, की त्यांचे मन आधी टेनिसवर होते. 1951-52 साली कलकत्त्याच्या राष्ट्रीय कुमार स्पर्धेत ते अंतिम सामन्यापर्यंत गेले आणि हरले. तेही जवळजवळ चार वर्षांनी लहान मुलाकडून! तो मुलगा रामनाथन कृष्णन. पुढे 1960 आणि 1961 साली तो विंबल्डनच्या उपांत्य फेरीत खेळला. पण हे तेव्हा कुणाला ठाऊक? नाटेकरांनी टेनिस बाजूला ठेवलं आणि बॅडमिंटन धरलं.

हा बदल दिसतो तितका सोपा नाही. गुरुजींनी दोन्ही वस्तू वर्गात मुलांच्या हाती देऊन पाहाव्यात. टेनिसचा चेंडू सुमारे 57 ग्रॅमचा; तो एक टप्पा घेऊन आला तरी चालतो, आणि त्याला खांद्याचा जोर लागतो. फूल 16 पिसांचे, जेमतेम 5 ग्रॅमचे. जमिनीला टेकले की संपले. तिथे मनगटाचे काम. नाटेकरांची कीर्ती झाली ती या मनगटावरच. समोरच्याला वाटावे फूल मागे जाणार, आणि ते अलगद जाळीपाशी पडावे!

1954 साली ते ऑल इंग्लंड स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत पोहोचले. 1956 साली क्वालालंपूरला सेलांगोर स्पर्धा त्यांनी जिंकली. आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. एकेरीचे राष्ट्रीय विजेतेपद सहा वेळा. 1961 साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला, त्या पहिल्याच यादीत त्यांचे नाव आले.

मग पैसा? तो हौशी खेळाडूंचा जमाना. ऑलिंपिकचे पदकही नशिबी नव्हते, कारण बॅडमिंटनला तिथे पदके मिळू लागली ती 1992 साली, बार्सिलोनात. माझ्या मते या पिढीचे मोल आपण कमीच केले.

सोडलेले टेनिस मात्र घरी परत आले. मुलगा गौरव टेनिसचा राष्ट्रीय विजेता झाला, आणि 1994 च्या हिरोशिमा आशियाई खेळांत त्याने सुवर्णपदक मिळवले. नाटेकर 28 जुलै 2021 रोजी पुण्यात वारले, वयाच्या 88 व्या वर्षी.