एका सामन्याची बंदी, उरलेल्या कारकिर्दीची शिक्षा

१२ मार्च १९९६ रोजी अमेरिकेच्या नॅशनल बास्केटबॉल असोसिएशनने, म्हणजे एनबीएने, डेन्व्हर नगेट्स संघाच्या एका खेळाडूला बेमुदत निलंबित केले. सामन्यापूर्वी राष्ट्रगीत सुरू असताना तो उभा राहत नाही, हे त्याचे कारण. खेळाडूचे नाव महमूद अब्दुल रऊफ. ‘बेमुदत’ म्हटलेली ही बंदी प्रत्यक्षात एकच सामना टिकली. दोन दिवसांत तोडगा निघाला आणि १५ मार्चला तो पुन्हा कोर्टवर होता. कागदोपत्री प्रकरण तिथेच मिटले. पण त्याच उन्हाळ्यात त्याला संघातून काढून दुसरीकडे पाठवण्यात आले, दोन वर्षांनी तो बेकार झाला आणि वयाच्या बत्तिसाव्या वर्षी एनबीएचे दार त्याच्यासाठी कायमचे बंद झाले.

खेळ आणि श्रद्धा यांचा विषय निघाला की आपल्याला मुहंमद अली आठवतात. ते स्वाभाविकच आहे. रऊफचे नाव मात्र आपल्याकडे क्वचित ऐकू येते. शिक्षा कशी दिली जाते, आणि कोणती शिक्षा लोकांना दिसतच नाही, हे समजून घ्यायला त्याची गोष्ट जास्त उपयोगी आहे.

मार्च १९६९ मध्ये मिसिसिपी राज्यातील गल्फपोर्ट या किनारी शहरात त्याचा जन्म झाला. आई-वडिलांनी ठेवलेले नाव ख्रिस जॅक्सन. वडील घरात नव्हते, आईने एकटीने मुलांना वाढवले. घरात गरिबी होती. त्यात या मुलाचे शरीर अचानक झटके देई, तोंडातून नको असताना आवाज निघत. शिक्षकांना आणि सवंगड्यांना ते विचित्र वाटे. हा टुरेट सिंड्रोम नावाचा मज्जासंस्थेचा विकार आहे, हे कळायला तो सतरा वर्षांचा व्हावा लागला.

या विकारात एखादी कृती मनासारखी जमेपर्यंत पुन्हा पुन्हा करावीशी वाटते. बुटाची नाडी असो की दाराची कडी. रऊफच्या बाबतीत ती कृती म्हणजे बास्केटमध्ये चेंडू टाकणे. चेंडू नुसता आत जाऊन भागत नसे. कडीला न लागता, जाळीचा ठरावीक आवाज करत तो गेला पाहिजे. असे सलग काही शॉट जमले की सराव संपायचा. एक जरी कडीला लागला तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. तासन्‌तास चालणाऱ्या या सरावातून त्याचा हात घडला.

बास्केटबॉल फारसा न पाहणाऱ्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. पाच जणांच्या संघात पॉइंट गार्ड हा सूत्रधार असतो. चेंडू पुढे तोच आणतो, कोणी कुठे धावायचे ते तोच ठरवतो आणि योग्य क्षणी योग्य माणसाच्या हातात चेंडू देतो. सहसा तो संघातला सर्वांत बुटका असतो. रऊफ जेमतेम सहा फूट एक इंच. सात फुटी माणसांच्या गराड्यात त्याचे हत्यार एकच होते. विजेसारख्या वेगाने घेतलेला शॉट.

लुईझियाना स्टेट विद्यापीठात १९८८-८९ च्या पहिल्याच मोसमात त्याने सामन्यामागे सरासरी ३०.२ गुण काढले. विद्यापीठ स्तरावर पहिल्या वर्षाच्या खेळाडूसाठी हा विक्रम होता. दुसऱ्या वर्षी शकील ओनील हा पुढे जगप्रसिद्ध झालेला खेळाडू त्याच संघात आला, तरी संघाचा मुख्य आधार रऊफच राहिला. १९९० मध्ये डेन्व्हर नगेट्सने त्याला देशभरातून तिसऱ्या क्रमांकावर निवडले.

विद्यापीठातले त्याचे प्रशिक्षक डेल ब्राउन यांनी त्याला माल्कम एक्सचे आत्मचरित्र वाचायला दिले होते. त्या पुस्तकाने प्रश्न उभे केले, प्रश्नांनी कुरआनपर्यंत नेले. १९९१ मध्ये त्याने इस्लाम स्वीकारला आणि १९९३ मध्ये कायद्याने नाव बदलले. महमूद म्हणजे प्रशंसनीय. ‘अर्-रऊफ’ हे अल्लाहच्या नावांपैकी एक, अर्थ अत्यंत दयाळू. अब्दुल रऊफ म्हणजे त्या दयाळूचा बंदा.

त्याचा खेळही याच काळात फुलला. १९९२-९३ मध्ये सर्वाधिक प्रगती करणाऱ्या खेळाडूचा पुरस्कार त्याला मिळाला. १९९३-९४ मध्ये त्याने २२९ फ्री थ्रोपैकी २१९ बास्केटमध्ये घातले. अख्ख्या मोसमात केवळ दहा चुकले. तोवरच्या इतिहासात एका मोसमात यापेक्षा वरची टक्केवारी फक्त कॅल्विन मर्फी यांच्या नावावर होती, आणि तीही अगदी थोड्या फरकाने. त्याच वर्षी आठव्या मानांकनाच्या डेन्व्हरने पहिल्या मानांकनाच्या सिॲटल संघाला पहिल्या फेरीत ३-२ असे हरवले. असे एनबीएत पूर्वी कधी घडले नव्हते.

डिसेंबर १९९५ मध्ये युटा जॅझविरुद्ध त्याने ५१ गुण काढले. समोर जॉन स्टॉकटन होता, त्या काळातील सर्वोत्तम पॉइंट गार्डपैकी एक. ४ फेब्रुवारी १९९६ रोजी मायकल जॉर्डनचा शिकागो बुल्स संघ सलग १८ सामने जिंकून डेन्व्हरला आला. त्या मोसमात या संघाने ८२ पैकी फक्त १० सामने गमावले. त्या दहापैकी एक याच रात्रीचा. रऊफचे गुण ३२.

हे आकडे अशासाठी दिले, की निलंबनाच्या पाच आठवडे आधी तो कोण होता ते स्पष्ट व्हावे. त्याशिवाय पुढे त्याच्यापासून काय हिरावले गेले याचा अंदाज येत नाही.

त्या मोसमात बऱ्याच काळापासून राष्ट्रगीताच्या वेळी तो ड्रेसिंग रूममध्ये थांबत असे किंवा खाली बसून शरीर ताणण्याचे व्यायाम करत असे. कोणाला काही वाटले नव्हते. मार्चमध्ये स्थानिक माध्यमांनी विषय काढला आणि पत्रकार त्याच्याकडे गेले. त्याने उत्तर टाळले नाही. हा झेंडा माझ्या दृष्टीने जुलूम आणि अत्याचाराचेही प्रतीक आहे, या देशाला त्याचा मोठा इतिहास आहे आणि अल्लाहची बंदगी करणारा माणूस जुलमाची बाजू घेऊ शकत नाही, असे त्याचे म्हणणे होते. मिसिसिपीत वाढलेल्या काळ्या माणसाला हा इतिहास पुस्तकातून शिकावा लागत नाही.

एनबीएच्या नियमानुसार राष्ट्रगीताच्या वेळी खेळाडूंनी रांगेत, आदबशीर उभे राहायचे असते. त्या नियमावर बोट ठेवून निलंबन झाले. चुकलेल्या सामन्याचे ३१,७०७ डॉलर कापले गेले.

वादाला लगेच दुसरे वळण लागले. इस्लाम खरेच असे सांगतो का, यावर अमेरिकी टीव्हीवर चर्चा झडू लागल्या. ह्यूस्टन रॉकेट्सचा महान खेळाडू हकीम ओलाजुवान हाही नमाज-रोजाचा पाबंद मुसलमान. त्याने जाहीरपणे वेगळी भूमिका घेतली. चांगला मुसलमान हा चांगला नागरिकही असतो, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. इतर काही मुस्लीम जाणकारांनीही राष्ट्रगीताला उभे राहण्यात धर्माची आडकाठी नसल्याचे सांगितले.

आपल्यापैकी अनेकांना ओलाजुवान बरोबर वाटेल. उभे राहिले तर काय बिघडते, हा प्रश्नही रास्त आहे. उभे राहणे हा आदर आहे, इबादत नव्हे, असे मलाही वाटते. पण इथे वाद फतव्याचा नव्हता. एका माणसाने आपल्या सद्सद्विवेकाने काही ठरवले होते. त्याने कोणाला शिवी दिली नव्हती, कोणाला उभे राहण्यापासून अडवले नव्हते. अशा माणसाशी मतभेद ठेवता येतो. त्याची रोजी काढून घ्यावी का, हा वेगळा प्रश्न आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४३ मध्येच, दुसरे महायुद्ध चालू असताना, शाळकरी मुलांवर झेंडावंदनाची सक्ती करता येणार नाही असा निकाल दिला होता. ती मुले ख्रिस्ती धर्मातील ‘जेहोवाज विटनेसेस’ या पंथाची होती. पण ते संरक्षण सरकारविरुद्ध आहे. एनबीए ही खासगी संस्था, तिला ते लागू होत नाही.

अखेर तोडगा निघाला. रऊफ उभा राहील, पण डोळे मिटून, मान खाली घालून. तो हात ओंजळीसारखे चेहऱ्यासमोर धरून दुआ मागू लागला. जगात कुठेही, कोणत्याही वंशाचे वा धर्माचे जे लोक सोसत आहेत त्यांच्यासाठी ही दुआ आहे, असे त्याने सांगितले. १५ मार्चला शिकागोत तो असा उभा राहिला तेव्हा प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. त्याच सुमारास डेन्व्हरच्या एका रेडिओ केंद्राचे कर्मचारी तिथल्या मशिदीत घुसले आणि बिगुल-ट्रम्पेटवर राष्ट्रगीत वाजवू लागले. तेही थेट प्रक्षेपण करत. उभे न राहणे हा ज्यांना अपमान वाटत होता, त्यांच्यापैकी काहींना इबादतगाहचा हा अपमान गमतीचा वाटला.

मोसम संपला. सरासरी १९.२ गुण आणि ६.८ असिस्ट ही रऊफची कामगिरी होती. जूनमध्ये डेन्व्हरने त्याला सॅक्रामेंटो किंग्जला देऊन टाकले. तिथे खेळायला मिळणारा वेळ कमी होत गेला. १९९८ मध्ये करार संपला तेव्हा तो २९ वर्षांचा होता. खेळाडूच्या उमेदीचे हे वय. एकाही संघाने त्याला करार देऊ केला नाही. तो तुर्कस्तानात फेनरबाहचेकडून खेळला. २०००-०१ मध्ये व्हँकुव्हर ग्रिझलीजने त्याला बाकावरचा खेळाडू म्हणून घेतले. ४१ सामने मिळाले, तेही थोड्या थोड्या मिनिटांचे. त्यानंतर एनबीए नाहीच. २००१ मध्येच मिसिसिपीतील त्याचे रिकामे घर आगीत भस्मसात झाले. त्याआधी तिथे कू क्लक्स क्लान या वर्णद्वेष्ट्या संघटनेची अक्षरे रंगवली गेली होती.

इथे अलींशी तुलना करावीशी वाटते. अलींनी १९६७ मध्ये सैन्यभरतीला नकार दिला. त्यांचे विजेतेपद काढून घेतले, खटला चालला, शिक्षा सुनावली गेली. साडेतीन वर्षे त्यांना रिंगबाहेर राहावे लागले. पण त्यांच्या शिक्षेचा कागद होता. म्हणून त्या कागदाविरुद्ध अपील करता आले आणि १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. अली परतले तेव्हा सारे जग पाहत होते. रऊफच्या हातात असा कुठलाच कागद नव्हता. त्याला खेळवू नका असा आदेश कोणी काढला नाही. प्रत्येक संघाकडे आपापले कारण होते: वय, उंची, संघाची गरज, पगार. यातले एखादे कारण खरेही असेल. पण फ्री थ्रोमध्ये दोनदा देशात पहिला आलेला, दोन वर्षांपूर्वीपर्यंत आपल्या संघाचा सूत्रधार असलेला माणूस एकाच वेळी सगळ्यांना निरुपयोगी वाटावा, हे योगायोगाने पटत नाही. ‘बेमुदत’ हा शब्द १२ मार्चच्या आदेशात होता. त्याचा खरा अर्थ आदेश मागे घेतल्यानंतर कळला.

रऊफने सब्र सोडला नाही आणि खेळही सोडला नाही. रशिया, इटली, ग्रीस, सौदी अरेबिया आणि शेवटी जपानमधील क्योतो, असा त्याचा प्रवास २०११ पर्यंत चालला. २०१७ मध्ये तिघा-तिघांच्या संघांची ‘बिग थ्री’ ही व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली, तेव्हा अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तो तिथेही उतरला. शॉट तसाच होता.

दरम्यान काळ बदलला. २०१६ मध्ये अमेरिकी फुटबॉलपटू कॉलिन कॅपर्निक पोलिसी अत्याचाराच्या निषेधार्थ राष्ट्रगीताच्या वेळी गुडघ्यावर बसला आणि लोकांना रऊफ आठवला. कॅपर्निकलाही पुढे कोणत्याच संघाने घेतले नाही. २०२२ मध्ये रऊफचे आत्मचरित्र आले, ते कॅपर्निकच्याच प्रकाशनसंस्थेने काढले. त्याआधी, २०२० च्या फेब्रुवारीत, लुईझियाना स्टेट विद्यापीठाने त्याचा ३५ क्रमांक सन्मानाने निवृत्त केला.

त्याच वर्षी जुलैमध्ये, जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर, एनबीएचे सामने पुन्हा सुरू झाले. राष्ट्रगीताच्या वेळी जवळजवळ सगळे खेळाडू आणि प्रशिक्षक गुडघ्यांवर होते. उभे राहण्याचा नियम तेव्हाही पुस्तकात होताच. आयुक्तांनी तो लागू न करण्याचे ठरवले आणि एकाही खेळाडूचा एक डॉलर कापला गेला नाही. रऊफ तेव्हा ५१ वर्षांचा होता.