प्लाचीमाडाची विहीर आणि कंपनीचा हिशेब

उर्दूच्या तासाला 'आबरू' हा शब्द आला की मी तो मुलांना फोडून सांगतो. आब म्हणजे पाणी, रू म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचं पाणी, म्हणजे इज्जत. आपल्या मराठीत त्याचीच 'अब्रू' झाली. हे शिकवताना मला केरळमधलं प्लाचीमाडा आठवतं. तिथल्या बायका पाण्यासाठी भांडत होत्या आणि अब्रूसाठीही.

पालक्काड जिल्ह्यातलं हे गाव तमिळनाडूच्या सीमेजवळ आहे. केरळ म्हटलं की धो धो पाऊस डोळ्यांपुढं येतो, पण हा भाग त्या मानानं कोरडा. कारखान्याच्या आजूबाजूला वस्ती मुख्यतः आदिवासींची आणि दलितांची, पोट शेतमजुरीवर. पेरुमाट्टी ग्रामपंचायतीनं परवाना दिला आणि २००० साली कोका-कोलाच्या भारतीय कंपनीचा कारखाना तिथं सुरू झाला. जमिनीखालून रोज लाखो लिटर पाण्याचा उपसा होऊ लागला.

दोन वर्षांच्या आत तक्रारी सुरू झाल्या. विहिरींची पातळी उतरली, उरलेल्या पाण्याची चव बिघडली, त्या पाण्यात डाळ-भात नीट शिजेना. बायकांना पाण्यासाठी लांब जावं लागलं आणि तितकी मजुरी बुडाली. २२ एप्रिल २००२ रोजी कारखान्यासमोर धरणं सुरू झालं. त्यात पुढं होत्या मयिलम्मा, शाळेची पायरी न चढलेली एक आदिवासी बाई. कंपनीनं आरोप फेटाळले आणि पाऊसच कमी झाल्याचं सांगितलं. मग जुलै २००३ मध्ये बीबीसी रेडिओनं दुसरी गोष्ट उघड केली. कारखान्याचा जो गाळ शेतकऱ्यांना खत म्हणून दिला जात होता, त्याची इंग्लंडमधल्या प्रयोगशाळेत तपासणी झाली, तेव्हा त्यात शिसं आणि कॅडमियम आढळलं.

त्याआधीच, एप्रिल २००३ मध्ये, ज्या पंचायतीनं परवाना दिला होता तिनंच तो पुढं वाढवायला नकार दिला. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. १६ डिसेंबर २००३ रोजी न्यायमूर्ती के. बालकृष्णन नायर यांनी निकाल दिला की भूजल ही जनतेची ठेव आहे, सरकार तिचं विश्वस्त आहे आणि जमिनीच्या मालकाला अमर्याद उपशाचा हक्क नाही. २००५ मध्ये खंडपीठानं वेगळी भूमिका घेतली आणि रोज ५ लाख लिटरपर्यंत उपशाला वाट मोकळी केली. पण मार्च २००४ मध्ये बंद पडलेला तो कारखाना काही पुन्हा नीट सुरू झाला नाही. २०१७ मध्ये कंपनीनंच सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की तिथं उत्पादन सुरू करायचा इरादा नाही.

कंपनी यातून काही शिकली का? शिकली, हे कबूल केलं पाहिजे. २००७ मध्ये तिनं जाहीर केलं की पेयांत जितकं पाणी वापरतो तितकं निसर्गाला परत करू. पाऊसपाणी साठवण, बंधारे, सांडपाण्यावर प्रक्रिया अशी कामं झाली. २०१५ मध्ये उद्दिष्ट मुदतीच्या पाच वर्षं आधीच गाठल्याचं तिनं सांगितलं.

माझी अडचण या हिशेबाशी आहे. एका खोऱ्यातून उपसलेलं पाणी दुसऱ्या खोऱ्यात मुरवलं तर वहीत बेरीज-वजाबाकी जुळते, पण पहिल्या गावाची विहीर भरत नाही. शिवाय पेयातल्या साखरेसाठी ऊस जे पाणी पितो, ते या हिशेबात धरलेलं नाही. ऊस किती पाणी पितो हे मराठवाड्यातल्या वाचकाला मी काय सांगावं! राजस्थानातल्या काला डेराचं उदाहरणही बोलकं आहे. २००८ मध्ये 'टेरी' या संस्थेनं, कंपनीच्याच खर्चानं झालेल्या अभ्यासात, तिथं पाणी बाहेरून आणा, साठवण करा, कारखाना हलवा किंवा बंद करा असे पर्याय सुचवले. कारखाना मात्र त्यानंतरही अनेक वर्षं चालू राहिला.

म्हणून कंपनी सुधारली का हे तिच्या अहवालावरून ठरवू नये. तीन प्रश्न विचारावेत. कारखाना उभारण्याआधी त्या भागात पाणी किती आहे हे तपासलं का? बाहेर पडणाऱ्या गाळाचं काय होतं? आणि ग्रामपंचायत 'नाही' म्हणाली तर ते ऐकलं जातं का?

चौथा प्रश्न भरपाईचा. २०१० मध्ये केरळ सरकारच्या उच्चाधिकार समितीनं नुकसान सुमारे २१६ कोटी रुपयांचं ठरवलं. २०११ मध्ये विधानसभेनं न्यायाधिकरणाचं विधेयक मंजूर केलं, पण राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. मयिलम्मा त्याआधीच, २००७ मध्ये गेल्या. कारखान्याचं फाटक बंद झालेलं त्यांनी पाहिलं. भरपाईचा कागद काही त्यांच्या हाती पडला नाही.