चतुर्थीच्या पहाटे ४ वाजून २ मिनिटं

२७ ऑगस्ट २०२५, बुधवार, गणेश चतुर्थी. शिवडी-लालबाग-परळच्या पट्ट्यात त्या रात्री कोणी फारसं झोपलेलं नव्हतं. मंडपांत शेवटचा हात फिरत होता, घरोघरी मखरं उभी राहत होती, बरेच चाकरमानी कोकणात पोहोचले होते. राज्यात सुट्टी होती, शेअर बाजारही बंद होता. त्याच पहाटे जगभरच्या प्रोग्रामरांच्या संगणकांवर एक चोरी सुरू झाली. या चोराने घर धुंडाळायला स्वतःचा माणूस आणला नाही. मालकाने कामासाठी ठेवलेल्या एआय मदतनीसालाच त्याने कामाला लावलं.

पुढच्या सगळ्या वेळा भारतीय आहेत.

सहा दिवस आधी

एनएक्स हे मोठे सॉफ्टवेअर प्रकल्प बांधायचं मुक्त साधन. एनपीएम या सार्वजनिक भांडारातून ते आठवड्याला ४० लाखांहून अधिक वेळा उतरवलं जातं. अमेरिकेतल्या तारखेप्रमाणे २१ ऑगस्टला गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावरच्या त्याच्या कोडमध्ये एक छोटी स्वयंचलित तपासणी आली. बाहेरच्या कोणी बदल सुचवला, तर त्या सूचनेचं शीर्षक नियमात बसतं का, एवढंच ती पाहायची. पण शीर्षकाचा मजकूर ती जसाच्या तसा कमांडच्या ओळीत घालायची. शीर्षकात कोणी कमांडच लिहिली, तर तीही चालायची. आणि ही तपासणी चालायची जादा अधिकारांनी.

दुसऱ्याच दिवशी धोका लक्षात आला आणि कोडच्या मुख्य शाखेतून, म्हणजे मूळ प्रतीतून, ती काढली गेली. जुन्या शाखांमध्ये मात्र ती तशीच राहिली.

२४ ऑगस्ट, रविवार, रात्री साडेदहाच्या सुमारास

हल्लेखोराने नेमकी अशी जुनी शाखा निवडली. तिच्यावर बदल सुचवला, शीर्षकातून कमांड घुसवली आणि एनपीएमवर पॅकेज प्रसिद्ध करायचं टोकन, म्हणजे डिजिटल किल्ली, बाहेर काढलं. आता एनएक्सच्या नावाने काहीही बाजारात आणणं त्याला शक्य होतं. पुढचे दोन दिवस वरवर काहीच घडलं नाही.

२७ ऑगस्ट, पहाटे ४.०२

एनएक्सची २१.५.० ही आवृत्ती एनपीएमवर आली. नाव तेच, खातं तेच. फरक एवढाच, की पॅकेज बसवताच आपोआप चालणारी एक स्क्रिप्ट तिच्यात होती. विंडोज दिसलं तर ती गुपचूप थांबायची. मॅक किंवा लिनक्स असेल तर गिटहब आणि एनपीएमची टोकनं, सर्व्हरच्या किल्ल्या, पासवर्ड असलेल्या फाइली आणि क्रिप्टो वॉलेट शोधायला लागायची.

पहाटे ४.०९

सात मिनिटांनी २०.९.०. जुन्या मालिकेवर राहिलेलेही आता टप्प्यात आले. ज्यांनी त्या पहाटे काहीच बसवलं नाही, तेही सुटले नाहीत. व्हीएस कोड या संपादकात एनएक्सचं प्लगिन असलेल्यांनी नुसता संपादक उघडला, तरी ते प्लगिन नवी आवृत्ती तपासायला ताजं पॅकेज खेचून आणायचं, आणि त्याबरोबर ती स्क्रिप्टही यायची.

पहाटे ५.२४

आणखी दोन आवृत्त्या. या हल्ल्याचं वेगळेपण होतं ते स्क्रिप्टच्या पुढच्या पायरीत. संगणकावर क्लॉड, जेमिनी किंवा अ‍ॅमेझॉन क्यू यांपैकी टर्मिनलमधून, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीतून, चालणारा मदतनीस आहे का, हे ती पाहायची. असला तर साध्या इंग्रजीत त्याला काम सांगायची: सगळे फोल्डर धुंडाळ, वॉलेट आणि किल्ल्या असू शकतील अशा फाइलींची यादी कर.

असे मदतनीस फाइल वाचण्याआधी किंवा कमांड चालवण्याआधी एरवी मालकाला विचारतात. तो प्रश्नच बंद करायची सोय तिघांतही होती. क्लॉडमध्ये ‘डेंजरसली स्किप पर्मिशन्स’, जेमिनीत ‘योलो’, क्यूमध्ये ‘ट्रस्ट ऑल टूल्स’. स्क्रिप्ट प्रत्येकाला नेमक्या त्याच सोयीसकट हाक मारायची. काही संगणकांवर मदतनीसाने हे काम नाकारलं. सगळ्यांवर नाही.

पहाटे ५.४६ आणि ५.४७

एका मिनिटाच्या अंतराने आणखी दोन. सापडलेला माल पळवण्यासाठी चोराला स्वतःचा सर्व्हरही लागला नाही. स्क्रिप्ट बळी पडलेल्याच्याच गिटहब खात्यात ‘सिंग्युलॅरिटी रिपॉझिटरी’ अशा नावाची, सर्वांना दिसणारी जागा उघडायची आणि तिथे चोरीची फाइल ठेवायची. फाइल तीनदा सांकेतिक रूपात गुंडाळलेली असे. पण ती उलगडायला किल्ली लागत नव्हती. ज्याला दिसली, त्याला वाचता आली.

जाताना स्क्रिप्ट आणखी एक काम करायची. टर्मिनल उघडल्यावर वाचल्या जाणाऱ्या फाइलीत संगणक ताबडतोब बंद करायची कमांड लिहायची. मालकाने काय झालं ते पाहायला टर्मिनल उघडलं, की मशीन बंद पडावं, हा हेतू.

सकाळी ६.००

वापरणाऱ्यांपैकी एकाने गिटहबवर पहिला इशारा दिला. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा मंगळवार रात्रीचे साडेआठ वाजले होते.

सकाळी ६.०७

इशाऱ्यानंतर सात मिनिटांनी शेवटच्या दोन आवृत्त्या आल्या. एकूण आठ.

सकाळी ८.१४ ते ९.२२

सव्वाआठच्या सुमारास एनपीएमने बाधित आवृत्त्या काढल्या. ९.२२ ला, म्हणजे पहिल्या आवृत्तीनंतर ५ तास २० मिनिटांनी, ज्या खात्यातून त्या येत होत्या त्याचा अधिकार रद्द झाला. पण उघड्यावर पडलेल्या किल्ल्या तशाच होत्या.

दुपारी २.३५

इकडे मध्यान्हीची पूजा उरकून घरोघरी पानं वाढली गेली होती. गिटहबने त्या चोरीच्या जागा लोकांच्या नजरेआड केल्या. तोवर कित्येक तास त्या उघड्या होत्या. हजाराहून अधिक चालती गिटहब टोकनं त्यांत होती.

२८ ऑगस्ट

दुसरी लाट. चोरलेली टोकनं वापरून हल्लेखोराने गिटहबवरच्या खासगी रिपॉझिटरी, म्हणजे कोडचे साठे, सार्वजनिक करायला सुरुवात केली. पाच हजारांहून अधिक. कंपन्यांचा खासगी कोड आता कोणालाही उतरवता येत होता.

हे घडू कसं शकलं?

याचं उत्तर मुंबईतल्या एका जुन्या दुर्घटनेत सापडतं. शिवडीच्या दक्षिणेला, मुंबईच्या किनाऱ्यावर व्हिक्टोरिया डॉक होता. १४ एप्रिल १९४४ रोजी तिथे ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज लागलं होतं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं, आणि त्यांच्याच सोबत कराचीहून चढवलेल्या कापसाच्या गासड्या. दुपारी कापसाने पेट घेतला, ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या दिवशी गेले. कापूस या बंदरात रोज येत होता, युद्धाच्या काळात दारूगोळाही येत होता. घात केला तो दोन्ही एका पोटात भरण्याने.

एआय एजंटच्या बाबतीत जून २०२५ मध्ये सायमन विलिसन या प्रोग्रामरने हाच धोका नेमका मांडला होता. खासगी माहिती वाचण्याची मुभा, बाहेरून आलेला अनोळखी मजकूर आणि माहिती बाहेर पाठवण्याचा मार्ग, या तीन गोष्टी एकत्र आल्या की चोरीला काही अडसर उरत नाही. प्रत्येक नवं टूल किंवा स्किल जोडताना आपण या तिन्हींपैकी एखादी गोष्ट आत घेत असतो, आणि आधी काय काय घेतलं आहे ते क्वचितच पाहतो.

आज एजंटला ईमेल, कॅलेंडर, हिशेबाचं सॉफ्टवेअर, बँकेची विवरणं जोडणं काही मिनिटांचं काम आहे. अशा जोडणीसाठी एमसीपी नावाची सामाईक पद्धत नोव्हेंबर २०२४ मध्ये आली आणि भराभर पसरली. सप्टेंबर २०२५ मध्ये तिच्यातलाही घात उघड झाला. ईमेल पाठवायला मदत करणाऱ्या ‘पोस्टमार्क-एमसीपी’ या एनपीएमवरच्या पॅकेजच्या पंधरा आवृत्त्या स्वच्छ होत्या. सोळावीत एक ओळ वाढली, आणि त्यातून जाणाऱ्या प्रत्येक पत्राची प्रत गुपचूप तिसऱ्याकडे जाऊ लागली. पंधरा वेळा नीट वागलेलं साधन सोळाव्यांदाही तसंच वागेल, ही खात्री कोणी देऊ शकत नाही.

एनएक्सच्या लोकांनी चोरीला जाऊ शकणारं टोकनच कामातून काढलं आणि एनपीएमची ‘ट्रस्टेड पब्लिशिंग’ पद्धत स्वीकारली. परळच्या गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या कचेऱ्यांत, शिवडीतल्या सीए आणि वाहतूकदारांच्या छोट्या ऑफिसांतही एवढं करता येईल. ज्या संगणकावर ग्राहकांची माहिती आहे, तिथे ‘विचारू नकोस’ ही सोय कधीही चालू करायची नाही. प्रत्येक साधनाची आवृत्ती बांधून ठेवायची. आपोआप ताजी होऊ द्यायची नाही. पत्रं वाचणाऱ्या एजंटला पत्र पाठवायचा अधिकार द्यायचा नाही. पाठवायचंच असेल, तर दरवेळी माणसाने पाहून होकार द्यायचा. आणि कोणत्या एजंटला काय काय जोडलं आहे, याची यादी एका जबाबदार माणसाच्या नावावर असली पाहिजे. ही यादी करायला एक दुपार पुरते. ज्या ऑफिसात ती नाही, तिथे चोरी झाली तर काय काय गेलं, हे सांगणाराही कोणी नसेल.