शिकलगारांची जवारी

मिरजेच्या तंबोऱ्याचे कूळ शिकलगारांच्या सहाणेशी जाऊन भिडते. तलवारी, भाले, कट्यारी यांना धार लावणे आणि पाती घासूनपुसून लखलखीत करणे हा या कारागिरांचा पिढीजात धंदा. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाले आणि १८५७ नंतर इंग्रजांनी शस्त्रांवर निर्बंध आणले. मिरज संस्थान पटवर्धन घराण्याकडे राहिले, पण शस्त्रांची मागणी आटली. याच सुमारास फरीदसाहेब आणि मोईनुद्दीन हे शिकलगार बंधू तंतुवाद्यांकडे वळले. त्यांच्या वंशजांचे आडनाव पुढे सतारमेकर झाले.

वाद्याची बाकीची घडण सर्वपरिचित आहे. पंढरपूर-मंगळवेढा पट्ट्यातला जाड सालीचा भोपळा, तुणीच्या लाकडाची दांडी आणि तबली, वर खुंट्या, खाली मणी. हे काम कसबी सुताराच्याही आवाक्यातले आहे. कोडे आहे ते घोडीत.

तारा जिच्यावर टेकतात ती तंबोऱ्याची घोडी वरून रुंद असते आणि तिच्या माथ्याला अगदी सूक्ष्म, फुगीर उतार असतो. छेडलेली तार या उताराला क्षणोक्षणी टेकते आणि सुटते. त्यामुळे मूळ स्वराबरोबर वरचे उपस्वर फुलतात आणि आवाजाला झळाळी येते. हीच जवारी. १९२१ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ चंद्रशेखर वेंकट रामन यांनी या घोडीवर शोधनिबंध लिहिला. तार ज्या बिंदूवर छेडली असता एखादा उपस्वर उमटूच नये, तिथे छेडल्यावरही तो तंबोऱ्यात स्पष्ट ऐकू येतो, हे त्यांनी दाखवले. तो उपस्वर उमटणार नाही असे सांगणारा यंग-हेल्महोल्ट्झ नियम या घोडीपुढे लंगडा पडला.

हा उतार कानशीने घासूनच साधावा लागतो. केसभर जास्त घासले गेले तर स्वर बसका होतो, कमी पडले तर कर्कश. पात्याचा तिरपा उतार टोकापर्यंत एकसारखा उतरवण्याची सवय ज्या हातांत मुरली होती, त्यांनाच हे काम जमले. मिरजेच्या कीर्तीचे खरे मूळ इथे शोधले पाहिजे.

याला प्रतिस्पर्धी मते तीन. पहिले राजाश्रयाचे. पटवर्धनांच्या दरबारात गाणे नांदत होते; बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले ते मिरजेतच. पण दरबारी गवई कोल्हापूरला होते, बडोद्याला होते. केवळ आश्रयाने वाद्य घडत असते तर तिथेही मिरजेसारखी वाद्यकारागिरांची गल्ली उभी राहिली असती. दुसरे मत भोपळ्याचे. भोपळ्याच्या मळ्यांना सोलापूर मिरजेपेक्षा जवळ आहे, तरी तंबोऱ्याचे गाव म्हणून नाव झाले ते मिरजेचे. तिसरे मत गायक अब्दुल करीम खाँसाहेबांना श्रेय देते. स्वराच्या शुद्धतेबद्दलचा त्यांचा कटाक्ष प्रसिद्ध आहे, आणि १९३७ मध्ये निधन झाल्यावर त्यांचे दफनही मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात झाले. मात्र ते मिरजेत आले तेव्हा इथला धंदा रुजून गेलेला होता.

शिकलगारी मताला एक अडचण मात्र उरते. धार डोळ्याने आणि बोटाने पारखतात, जवारी कानाने. हात सहाणेवर तयार झाला तरी कान कुठून आला? दरबाराचा खरा वाटा इथे आहे. बिघडलेले वाद्य दुरुस्तीला आणणारा गवई कारागिराशेजारी बसून खुली, झळाळती जवारी हवी की गोल, मऊ, हे सांगत असणार. त्याच्या नापसंतीतूनच पहिल्या पिढीचा कान घडला, असे मानायला हरकत नाही.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. दरम्यान घोडीचे साहित्य पालटले: हस्तिदंत गेला, सांबरशिंग गेले, हाड आणि कृत्रिम पदार्थ आले. तारेच्या घर्षणाने घोडीवर चरे पडणे मात्र कोणत्याही साहित्यात टळत नाही. चरे पडले की स्वर मिटतो आणि घोडी पुन्हा घासावी लागते. बोथट पाते जसे शिकलगाराकडे परत येई, तसा तंबोरा ठरावीक काळाने जवारी लावायला कारागिराकडे येतो, आणि दुरुस्तीच्या या फेऱ्यांवरच मिरजेतल्या अनेक घरांचा धंदा चालतो.